ड्विंगेलोची रेडिओ दुर्बीण : लोकांनी जपलेला वैज्ञानिक वारसा

नेदरलँड्सच्या ईशान्य भागातील ड्रेंथे प्रांतात ड्विंगेलो नावाचे लहानसे गाव आहे. गावाजवळच्या राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला, माळरान आणि झाडीच्या मध्ये, २५ मीटर व्यासाची एक जुनी रेडिओ दुर्बीण उभी आहे. १७ एप्रिल १९५६ रोजी राणी ज्युलियाना यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले, तेव्हा ती जगातील सर्वांत मोठी रेडिओ दुर्बीण होती. सुमारे चार दशके सेवा केल्यावर शास्त्रज्ञांनी तिचा निरोप घेतला आणि ती गंजू लागली. २०२४ च्या अखेरीस मात्र याच दुर्बिणीने पृथ्वीपासून सुमारे २५ अब्ज किलोमीटर अंतरावर असलेल्या ‘व्हॉयेजर-१’ या यानाचा क्षीण संदेश टिपला. हे काम कोणत्याही सरकारी प्रयोगशाळेने केले नव्हते. ते स्वयंसेवकांचे काम होते.

जुन्या वैज्ञानिक उपकरणांचे काय करायचे, हा प्रश्न आज अनेक देशांपुढे आहे. ती मोडीत काढावीत, कुंपण घालून स्मारक म्हणून उभी ठेवावीत, की चालू स्थितीत ठेवून लोकांच्या हाती द्यावीत? ड्विंगेलोने तिसरा मार्ग निवडला. या निवडीमागचा इतिहास आणि तिचे परिणाम, दोन्ही जाणून घेण्यासारखे आहेत.

हौशी माणसांनी घडवलेले शास्त्र

आकाशातून रेडिओ लहरी येतात, हे प्रथम कार्ल जान्स्की या अमेरिकी अभियंत्याच्या लक्षात आले. दूरध्वनी सेवेत अडथळा आणणाऱ्या खरखरीचा तो शोध घेत होता. १९३० च्या दशकाच्या आरंभी त्याने दाखवून दिले की, या खरखरीचा काही भाग आपल्या आकाशगंगेच्या मध्यभागाच्या दिशेने येतो. व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञांनी या शोधाकडे फारसे लक्ष दिले नाही.

लक्ष दिले ते ग्रोट रेबर या तरुणाने. तो रेडिओ अभियंता होता आणि हौशी रेडिओ केंद्रही चालवत असे. १९३७ मध्ये त्याने अमेरिकेतील इलिनॉय राज्यातील व्हीटन गावी, आपल्या घराच्या आवारात, सुमारे साडेनऊ मीटर व्यासाची तबकडी स्वखर्चाने उभारली. पुढील काही वर्षे रेडिओ खगोलशास्त्राचे काम जवळजवळ तो एकटाच करीत होता. या शास्त्राचा पाया असा एका हौशी माणसाने आपल्या परसात घातला.

रेबरचे लेख दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नेदरलँड्समधील लायडेन येथे पोहोचले. देश जर्मनीच्या ताब्यात होता. तरीही यान ऊर्ट या ज्येष्ठ खगोलशास्त्रज्ञाने त्या लेखांचे महत्त्व ओळखले. सूर्यमालेच्या कडेला असलेल्या धूमकेतूंच्या ‘ऊर्ट मेघा’मुळे त्यांचे नाव पुढे सर्वांना परिचित झाले. आकाशगंगेच्या मोठ्या भागातील तारे धुळीच्या ढगांमुळे दिसत नाहीत; रेडिओ लहरी मात्र धुळीतून आरपार जातात. अशा लहरींमध्ये एखादी ठरावीक तरंगलांबीची रेषा सापडली, तर वायूची गतीही मोजता येईल, असे ऊर्ट यांना वाटले. अशी रेषा असू शकते का, याचा अभ्यास करण्यास त्यांनी हेंड्रिक व्हान दे हुल्स्ट या विद्यार्थ्यास सांगितले.

१९४४ मध्ये व्हान दे हुल्स्ट यांनी उत्तर मांडले. हायड्रोजनच्या अणूतील इलेक्ट्रॉनच्या परिवलनाची दिशा उलटते, तेव्हा २१ सेंटिमीटर तरंगलांबीची रेडिओ लहर बाहेर पडते. एका अणूमध्ये आपोआप असा बदल घडण्यास सरासरी सुमारे एक कोटी वर्षे लागतात. परंतु अवकाशात हायड्रोजन इतका विपुल आहे की, त्याची एकत्रित खूण पृथ्वीवर टिपता येईल, अशी शक्यता त्यांनी वर्तवली.

आग, उशीर आणि यश

युद्ध संपल्यावर जर्मन सैन्याने मागे सोडलेल्या साडेसात मीटर व्यासाच्या रडार तबकड्या डच शास्त्रज्ञांच्या हाती आल्या. त्यांपैकी एक कोटवाइक येथील रेडिओ केंद्रात बसवण्यात आली. काम सावकाश चालले होते. त्यातच १९५० मध्ये आग लागून संग्राहक यंत्रणा जळून गेली. त्यानंतर सी. ए. म्युलर या तरुण अभियंत्याची नेमणूक झाली आणि त्याने नवी यंत्रणा उभी केली.

पहिला मान मात्र अमेरिकेला मिळाला. मार्च १९५१ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील हॅरल्ड इवेन आणि एडवर्ड पर्सेल यांनी २१ सेंटिमीटरची रेषा टिपली. मे महिन्यात म्युलर आणि ऊर्ट यांनाही ती कोटवाइक येथे मिळाली. ऑस्ट्रेलियात सिडनी येथे डब्ल्यू. एन. ख्रिश्चनसेन आणि त्यांचे सहकारी हिंडमन यांनीही लवकरच दुजोरा दिला. अमेरिकी शास्त्रज्ञांनी घाई न करता इतरांच्या पडताळणीची वाट पाहिली आणि सप्टेंबर १९५१ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात तिन्ही ठिकाणचे निष्कर्ष एकत्र प्रसिद्ध झाले. विज्ञानातील स्पर्धेत अशी उदारता नेहमीच आढळत नाही.

या यशामुळे मोठी दुर्बीण बांधण्याचा मार्ग मोकळा झाला. रेडिओ खगोलशास्त्रासाठी १९४९ मध्ये नेदरलँड्समध्ये एक प्रतिष्ठान स्थापन झाले होते. त्याचेच रूप पुढे ‘ॲस्ट्रॉन’ ही राष्ट्रीय संस्था झाली. या प्रतिष्ठानाने वस्तीपासून दूर, रेडिओ गोंगाट कमी असलेली जागा म्हणून ड्विंगेलोची निवड केली. वेर्कस्पोर या डच कंपनीने दुर्बीण बांधली.

दुर्बिणीची रचना

प्रकाश टिपणाऱ्या दुर्बिणीत आरसा असतो. रेडिओ दुर्बिणीत त्याच्या जागी धातूची खोलगट तबकडी असते. तबकडीवर पडलेल्या लहरी परावर्तित होऊन तिच्यासमोर खांबांवर बसवलेल्या संग्राहकाकडे एकवटतात. ड्विंगेलोची तबकडी अखंड पत्र्याची नसून जाळीची आहे. जाळीची छिद्रे लहरींच्या लांबीपेक्षा बरीच लहान असली, तर लहरींच्या दृष्टीने ती जाळी आरशासारखीच असते. वारा मात्र तिच्यातून निघून जातो. त्यामुळे वजन आणि वाऱ्याचा दाब हे दोन्ही कमी होतात.

तबकडी खालीवर झुकते आणि संपूर्ण बांधणी वर्तुळाकार रुळावर फिरते. तबकडीखालची खोलीही तिच्याबरोबर फिरते. त्या खोलीत बसून निरीक्षक काम करीत असत. २१ सेंटिमीटर तरंगलांबीवर या दुर्बिणीला एका वेळी आकाशाचा सुमारे अर्ध्या अंशाहून किंचित मोठा भाग दिसतो. म्हणजे साधारण पूर्ण चंद्राएवढा. एवढ्या तुकड्या-तुकड्याने आकाश मोजत नकाशा तयार करावा लागतो.

जगातील सर्वांत मोठी हा मान ड्विंगेलोकडे फार काळ राहिला नाही. १९५७ मध्ये इंग्लंडमधील जॉड्रेल बँक येथे ७६ मीटर व्यासाची दुर्बीण कार्यान्वित झाली. तरीही हायड्रोजनच्या अभ्यासात ड्विंगेलोचे स्थान अग्रभागी राहिले.

चार दशकांचे संशोधन

या दुर्बिणीने आकाशगंगेतील हायड्रोजनचा शोध घेतला. डच आणि ऑस्ट्रेलियातील निरीक्षणे एकत्र करून १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात आपल्या आकाशगंगेचा नकाशा तयार झाला. सर्पिल बाहूंची रचना त्यात प्रथमच मोठ्या विस्तारात दिसली. आकाशगंगेच्या आत राहून तिचा आराखडा काढण्याचा तो प्रयत्न होता.

१९५७ मध्ये व्हान दे हुल्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देवयानी दीर्घिकेतील हायड्रोजनची गती मोजली. तारे विरळ होतात त्या भागातही वायू किती वेगाने फिरतो, हे त्यातून कळू लागले. दीर्घिकांमधील न दिसणाऱ्या द्रव्याचा प्रश्न पुढील काळात ज्या प्रकारच्या मोजमापांतून उभा राहिला, त्यांतील हे एक प्रारंभीचे पाऊल होते.

गार्ट वेस्टरहाउट यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केलेली रेडिओ स्रोतांची सूचीही या दुर्बिणीच्या निरीक्षणांवर आधारलेली होती. ताऱ्यांचा जन्म होत असलेल्या अनेक मेघांना आजही त्यांच्या आडनावाच्या आद्याक्षराने आणि सूचीतील क्रमांकाने ओळखले जाते. १९६३ मध्ये म्युलर, ऊर्ट आणि रेमों यांनी आकाशगंगेच्या परिभ्रमणाशी न जुळणाऱ्या, अतिवेगवान हायड्रोजन मेघांचा शोध जाहीर केला.

वय झाल्यावरही दुर्बीण उपयोगी ठरत राहिली. १९९४ मध्ये शर्मिष्ठा तारकासमूहाच्या दिशेने, आकाशगंगेच्या धुळीआड दडलेली एक जवळची दीर्घिका तिने शोधली. त्या दीर्घिकेला ‘ड्विंगेलो-१’ हे नाव देण्यात आले. लायडेन विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी तिच्या साहाय्याने केलेल्या विस्तृत सर्वेक्षणावर आधारित हायड्रोजनचा नकाशासंग्रह १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. उत्तर गोलार्धातून दिसणाऱ्या आकाशाचा तो दीर्घकाळ प्रमाण मानला गेला.

निवृत्ती आणि गंज

१९७० मध्ये वेस्टरबोर्क येथे २५ मीटर व्यासाच्या १२ तबकड्यांची जोडदुर्बीण सुरू झाली. अनेक तबकड्यांचे संकेत एकत्र केल्यास कितीतरी बारकाईने पाहता येते. त्यापुढे एकाकी तबकडीचे महत्त्व कमी होणे अपरिहार्य होते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस ड्विंगेलोतील नियमित संशोधन थांबले. २००० नंतर तिला अधिकृत काम उरले नाही.

उघड्यावरच्या पोलादी बांधणीला काम नसणे फार महाग पडते. वापरात असलेल्या यंत्राचे वंगण बदलले जाते, रंग दिला जातो, सैल झालेला सांधा वेळीच आवळला जातो. वापर थांबला की हे सर्व थांबते. पावसाळी डच हवेत जाळी, आधाराचे दांडे आणि सांधे यांवर गंज चढू लागला. दुरुस्तीसाठी मोठा निधी लागणार होता आणि संशोधनाच्या दृष्टीने त्या खर्चाचे समर्थन करणे संस्थेला कठीण होते. दुर्बीण पाडून टाकण्याची शक्यताही समोर होती.

पोलादी बांधणी कोसळण्याचे प्रसंग अन्यत्र घडले आहेत. अमेरिकेतील ग्रीन बँक येथील ९० मीटरहून अधिक व्यासाची दुर्बीण १५ नोव्हेंबर १९८८ च्या रात्री एक महत्त्वाचा जोडभाग निकामी झाल्यामुळे कोसळली. प्वेर्तो रिकोमधील अरेसिबो येथे तारदोर तुटल्यानंतर १ डिसेंबर २०२० रोजी शेकडो टनांचा मंच ३०५ मीटर व्यासाच्या तबकडीवर पडला. बिघाड सुरू झाला तेव्हा या दोन्ही दुर्बिणी निवृत्त झाल्या नव्हत्या. काम चालू असतानाही पोलाद दगा देऊ शकते. मग काम थांबलेल्या दुर्बिणीची देखभाल कोण करणार, हा प्रश्न अधिकच तीव्र होतो.

स्वयंसेवकांचा पुढाकार

ड्विंगेलोत या प्रश्नाचे उत्तर स्थानिक हौशी मंडळींनी दिले. हौशी रेडिओ चालक, हौशी आकाशनिरीक्षक आणि या क्षेत्राशी संबंधित तंत्रज्ञ एकत्र आले. त्यांनी ‘कॅमरास’ नावाचे प्रतिष्ठान स्थापन केले. कोटवाइकची जळालेली यंत्रणा पुन्हा उभी करणाऱ्या म्युलर यांच्या नावाची आद्याक्षरे या नावात आहेत. दुर्बीण चालू स्थितीत राखणे आणि ती शाळा, हौशी निरीक्षक, कलावंत आणि सर्वसामान्य नागरिक यांना उपलब्ध करून देणे, हे दोन उद्देश प्रतिष्ठानाने डोळ्यांसमोर ठेवले.

ऑगस्ट २००९ मध्ये या दुर्बिणीला राष्ट्रीय वारसा वास्तूचा दर्जा मिळाला. जुने चर्च, पवनचक्क्या आणि किल्ले यांच्या यादीत एका रेडिओ दुर्बिणीचा समावेश झाला. त्यामुळे जीर्णोद्धारासाठी निधी मिळवणे सुकर झाले आणि ती पाडण्याची शक्यता मागे पडली.

४ जून २०१२ रोजी प्रचंड क्रेनच्या साहाय्याने तबकडी उचलून जमिनीवर ठेवण्यात आली. गंज काढणे, झिजलेले भाग दुरुस्त करणे आणि नव्याने रंग देणे ही कामे पार पडल्यावर त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये ती पुन्हा मूळ जागी बसवण्यात आली. उरलेली कामे पूर्ण झाल्यावर ५ एप्रिल २०१४ रोजी दुर्बीण समारंभपूर्वक पुन्हा सुरू झाली. हा समारंभ जोसेफ टेलर यांच्या हस्ते झाला.

पाहुण्यांची ही निवड अर्थपूर्ण होती. जोडताऱ्यातील पल्सारच्या शोधासाठी १९९३ मध्ये रसेल हल्स यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळवणारे टेलर हे स्वतः हौशी रेडिओ चालक आहेत. अत्यंत क्षीण संकेत ओळखणारी, जगभरातील हौशी चालक वापरत असलेली संगणक प्रणाली त्यांनीच विकसित केली आहे. रेबरपासून सुरू झालेले हौशी रेडिओ आणि खगोलशास्त्र यांचे नाते या निमित्ताने पुन्हा अधोरेखित झाले.

चंद्रावरून परतणारा आवाज

ड्विंगेलोला भेट देणाऱ्या पाहुण्याला तबकडीखालच्या फिरत्या खोलीत जाता येते. पडद्यावर हायड्रोजनची रेषा उमटताना दिसते. रेषेतील उंचवटे आकाशगंगेच्या वेगवेगळ्या बाहूंमधील वायूचे असतात. ऊर्ट आणि व्हान दे हुल्स्ट यांनी ज्यासाठी वर्षानुवर्षे परिश्रम केले, ते शाळकरी मूल काही मिनिटांत पाहू शकते. पल्सारचे ठोके ध्वनीत रूपांतरित करून ऐकवले जातात. सेकंदाला एकाहून अधिक वेळा, घड्याळासारखा नेमाने येणारा हा ठोका मृत ताऱ्याच्या परिवलनाचा असतो.

हौशी चालकांना विशेष आकर्षण असते ते चंद्रावरून संदेश परतवण्याचे. दुर्बीण चंद्राकडे रोखून संदेश प्रक्षेपित केला, तर त्याचा अत्यल्प भाग परावर्तित होऊन सुमारे अडीच सेकंदांनी परत येतो. आपलाच शब्द सुमारे पावणेआठ लाख किलोमीटरचा प्रवास करून आलेला ऐकणे हा अनुभव प्रकाशाच्या वेगाविषयी पुष्कळ काही शिकवतो. या तंत्राचा उपयोग करून दानिएला दे पाउलिस या कलावतीने चित्रे चंद्रावरून परतवण्याचे प्रयोग ड्विंगेलोत केले. परतलेल्या चित्रात रंग विरतात आणि ठिपके उमटतात. प्रवासाच्या या खुणा त्या कलाकृतीचाच भाग ठरतात.

संग्राहक, नियंत्रण आणि संकेतांचे विश्लेषण यांतील बरेच काम स्वयंसेवक स्वतः करतात. जुन्या काळी ज्यासाठी कपाटभर उपकरणे लागत, ते आता सामान्य संगणक आणि मुक्त स्वरूपातील प्रणाली यांच्या साहाय्याने होते. दुर्बिणीचे पोलाद १९५६ चे आहे, परंतु तिच्यामागची यंत्रणा आजची आहे. वारसा जपताना काय मूळ रूपात ठेवायचे आणि काय बदलायचे, याचा हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे.

निवृत्तीनंतरची कामगिरी

केवळ प्रात्यक्षिकांपुरती ही दुर्बीण उरली नाही. २०१८ मध्ये चीनने ‘लोंगजियांग-२’ हा छोटा उपग्रह चंद्राभोवती पाठवला. हार्बिन तंत्रज्ञान संस्थेच्या विद्यार्थ्यांचा सहभाग असलेल्या या उपग्रहावर हौशी रेडिओची यंत्रणा आणि लहानसा कॅमेरा होता. त्याचे मंद संकेत टिपण्याचे काम ड्विंगेलोने केले. फेब्रुवारी २०१९ च्या आरंभी चंद्राची पृथ्वीवरून न दिसणारी बाजू आणि तिच्यामागे लहानशी पृथ्वी, असे दुर्मीळ छायाचित्र या दुर्बिणीमार्फत पृथ्वीवर पोहोचले. चीनमधील विद्यार्थी, जर्मनीतून आज्ञा पाठवणारा हौशी चालक आणि नेदरलँड्समधील स्वयंसेवक, असे हे सहकार्य होते.

व्हॉयेजरचा संदेश टिपणे अधिक अवघड होते. १९७७ मध्ये प्रक्षेपित झालेल्या या यानावरील प्रक्षेपकाची शक्ती एखाद्या लहान विजेच्या दिव्याएवढी आहे. त्याच्या लहरींना पृथ्वीवर पोहोचण्यास २०२४ च्या अखेरीस सुमारे २३ तास लागत होते. शिवाय त्यांची तरंगलांबी सुमारे साडेतीन सेंटिमीटर आहे. २१ सेंटिमीटरसाठी बनवलेल्या जाळीवर इतक्या आखूड लहरी नीट परावर्तित होत नाहीत. नवा ॲन्टेना बसवून, यान आणि पृथ्वी यांच्या गतीमुळे तरंगसंख्येत होणारा बदल अचूक मोजून, स्वयंसेवकांनी तो संदेश गोंगाटातून वेगळा केला. जगात अगदी मोजक्याच दुर्बिणींना हे साधले आहे.

मार्च २०२५ मध्ये शुक्र पृथ्वीच्या जवळ आला असता, ड्विंगेलोतून त्याच्याकडे संदेश पाठवण्यात आला. जवळपास पावणेपाच मिनिटांनी त्याचा प्रतिध्वनी परतला. जर्मनीतील स्टॉकर्ट येथील दुर्बीणही या प्रयोगात सहभागी होती. १९५६ मध्येच कार्यान्वित झालेली, २५ मीटर व्यासाची ही दुर्बीणदेखील आज हौशी मंडळीच चालवतात.

इतर देशांतील प्रयत्न

वारसा म्हणून रेडिओ दुर्बिणींकडे पाहण्याची दृष्टी आता विस्तारत आहे. जॉड्रेल बँक वेधशाळेचा युनेस्कोने २०१९ मध्ये जागतिक वारसा स्थळांत समावेश केला. तेथील मोठी दुर्बीण अद्याप संशोधनात आहे आणि तिच्या पायथ्याशी लोकांसाठी विज्ञानाचे आणि संगीताचे कार्यक्रमही झाले आहेत.

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात होल्मडेल येथे १९५९ मध्ये बांधलेला शिंगाच्या आकाराचा ॲन्टेना आहे. आर्नो पेन्झिआस आणि रॉबर्ट विल्सन यांना १९६४-६५ मध्ये याच ॲन्टेनात विश्वाच्या आरंभापासून उरलेल्या प्रारणाचा शोध लागला आणि १९७८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. या ॲन्टेनाला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळालेला असूनही, जागा खासगी मालकीची झाल्यावर तेथे बांधकाम होण्याची भीती निर्माण झाली. नागरिकांनी सह्या गोळा केल्या, सभा घेतल्या. अखेर २०२३ मध्ये स्थानिक प्रशासनाने जागा विकत घेऊन सार्वजनिक उद्यान करण्याचा निर्णय घेतला. कागदावरचा दर्जा पुरेसा नसतो आणि त्यामागे लोकांचे पाठबळ लागते, हे या घटनेने दाखवून दिले.

भारताशी असलेला धागा

या इतिहासाचा एक धागा महाराष्ट्रातही येतो. १९५१ मध्ये डच शास्त्रज्ञांच्या शोधाला सिडनीहून दुजोरा देणाऱ्या ख्रिश्चनसेन यांनी पुढे सूर्याच्या निरीक्षणासाठी १.८ मीटर व्यासाच्या ३२ तबकड्यांची रांग उभारली. भारतीय शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी तरुणपणी सिडनीत राहून या तबकड्यांवर काम केले. त्या निरुपयोगी ठरू लागल्या, तेव्हा त्या भारताला भेट मिळाव्यात यासाठी स्वरूप यांनी प्रयत्न केले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९६५ मध्ये मुंबईजवळ कल्याण येथे त्या उभारल्या. भारतातील रेडिओ खगोलशास्त्राचे हे आरंभीचे महत्त्वाचे केंद्र होय. एका देशाने बाजूला ठेवलेली उपकरणे दुसऱ्या देशात नव्या शास्त्राचे बीज ठरली.

कल्याणनंतर उटी येथे १९७० मध्ये मोठी दुर्बीण सुरू झाली आणि त्यानंतर पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यात खोडद येथे ‘जीएमआरटी’ प्रकल्प उभा राहिला. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांचा हा प्रकल्प सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरला आहे. ड्विंगेलोप्रमाणेच या तबकड्यांतही जाळीचा उपयोग केला आहे आणि दूरच्या दीर्घिकांमधील हायड्रोजनचा वेध घेणे हे तिच्या उद्दिष्टांपैकी एक आहे.

दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास खोडद येथे भरणारे विज्ञान प्रदर्शन ग्रामीण भागातील विद्यार्थ्यांसाठी मोठे आकर्षण ठरले आहे. शाळा-महाविद्यालयांतील मुले स्वतः तयार केलेले प्रयोग तेथे मांडतात आणि परिसरातील गावकरी दुर्बीण जवळून पाहतात. दुर्बिणीच्या भोवती रेडिओ शांतता राखण्यासाठी परिसरातील लोकांचे सहकार्य आवश्यक असते. आपल्या शेतांच्या पलीकडे उभी असलेली ही तबकडी काय करते, हे ज्यांना ठाऊक आहे, तेच तिची काळजी घेऊ शकतात.

वारसा टिकवण्याचा अर्थ

ड्विंगेलोच्या प्रयोगापुढे अडचणी नाहीत असे नाही. पोलादाला पुन्हा गंज चढणार आहे आणि काही दशकांनी तबकडी पुन्हा खाली उतरवावी लागेल. मोबाइल दूरध्वनी आणि उपग्रहांच्या वाढत्या संख्येमुळे आकाशातील रेडिओ गोंगाट सतत वाढत आहे. स्वयंसेवकांच्या बळावर चालणाऱ्या कामात अनुभवी माणसे वृद्ध होतात. त्यांच्या हातातील कौशल्य पुढच्या पिढीकडे वेळीच गेले नाही, तर यंत्र शाबूत असूनही ते चालवणारे उरत नाहीत.

म्हणूनच तेथे येणाऱ्या विद्यार्थ्याला केवळ माहिती सांगून परत पाठवले जात नाही. त्याला प्रत्यक्ष संकेत पाहू आणि ऐकू दिले जातात. आज चंद्रावरून परतलेला आपला आवाज ऐकणाऱ्या मुलांपैकीच कोणीतरी पुढे या दुर्बिणीचे वंगण बदलणार आहे, तिचा संग्राहक दुरुस्त करणार आहे.

१९५६ मध्ये राणीच्या हस्ते सुरू झालेली ही दुर्बीण विज्ञानासाठी होती. ती आजही आहे, कारण तिच्याजवळच्या लोकांनी ती आपली मानली.